अमेरिकेचं नागरिकत्व: एन-४०० भरण्याआधी जुने पासपोर्ट बाहेर काढा

ग्रीन कार्डाला (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याला) पाच वर्षं होत आली की घरोघरी एकच विषय निघतो, आता सिटिझनशिपचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन-४००, करायचा ना? करायचाच. पण फॉर्म उघडण्याआधी सगळे पासपोर्ट, जुने रद्द झालेलेसुद्धा, टेबलावर मांडा. हा अर्ज अनेकांचा अडतो तो प्रवासाच्या तारखांवर.

वय १८ पूर्ण हवं आणि ग्रीन कार्डाला ५ वर्षं. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि गेली ३ वर्षं तुम्ही एकत्र संसार करत असाल, तर ३ वर्षं पुरतात. ही मुदत भरण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज स्वीकारतात. एक दिवस जरी लवकर भरलात तरी तो नामंजूर होऊ शकतो, म्हणून तारीख बोटांवर न मोजता कॅलेंडरवर मोजा. ज्या राज्यातून अर्ज करणार, तिथे ३ महिने राहिलेलं असावं लागतं.

आता प्रवास. पाच वर्षांपैकी किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवेत (तीन वर्षांच्या अर्जाला १८ महिने). निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात. पण एकूण दिवस भरले म्हणजे झालं, असं नाही. एकच फेरी सहा महिन्यांपेक्षा लांबली की तुमचं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं, आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं: घर चालू होतं, नोकरी होती, टॅक्स भरला, मुलं इथे शाळेत होती. वर्ष किंवा जास्त झालं तर बहुतेकांची मोजणी नव्याने सुरू होते. आईवडिलांच्या आजारपणासाठी भारतात जाऊन आठ-नऊ महिने राहिलेल्यांचं इथे मन तुटतं. 'आम्ही रीएंट्री परमिट (लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परतण्याची परवानगी) काढून गेलो होतो' हे उत्तर चालत नाही. त्या परमिटने ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य नाही. अमेरिकेचा शिक्का प्रत्येक वेळी बसलेला नसतो, तेव्हा भारतातल्या विमानतळावरचे शिक्के आणि विमान तिकिटांचे ईमेल जुळवून तक्ता करा.

पाच वर्षांची अट मात्र जुनी आहे. १७९० च्या पहिल्या कायद्यात दोन वर्षं पुरत, १७९५ मध्ये पाच झाली, १७९८ मध्ये चौदा आणि १८०२ मध्ये परत पाच. त्या पहिल्या कायद्यात आणखी एक अट होती, अर्जदार 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच अटीवर नागरिकत्वाला अपात्र ठरवलं, आणि त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. भारतीयांना हा हक्क मिळाला १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने, तोही वर्षाला फक्त १०० भारतीयांना स्थलांतराची मुभा देणाऱ्या कोट्यासह. १९६५ साली राष्ट्रीयत्वावर बेतलेले कोटे गेले. तरी ग्रीन कार्डावर कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा राहिलीच. एकाच देशाने सगळी कार्डं नेऊ नयेत, असं तिचे समर्थक म्हणतात. मला ते पटत नाही. सारखंच काम करणाऱ्या दोघांतला एक केवळ जन्मस्थानामुळे वर्षानुवर्षं रांगेत राहतो, याला न्याय म्हणवत नाही.

कागदपत्रं फार नाहीत. ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, लग्नाचा आणि असल्यास घटस्फोटाचा दाखला, अमेरिकन आयकर खात्याची टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या टॅक्सची अधिकृत नोंद). पोलिसांनी कधी अटक केली असेल तर प्रकरण मिटलं असलं तरी न्यायालयाचा अंतिम निकाल लागतो. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा, आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही करायची. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव यांपैकी जे जे कुठल्याही कागदावर आलं आहे, ते सगळं अर्जात लिहा.

एक प्रश्न शांतपणे वाचा: तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का? ड्रायव्हिंग लायसन्स काढताना समोर आलेल्या कागदावर न वाचता सही झालेली असू शकते. नागरिक नसताना अशी नोंदणी झाली असेल तर अर्ज अडचणीत येऊ शकतो, म्हणून तसं वाटलं तर अर्ज आधी वकिलाला दाखवा.

ऑनलाइन अर्जाची फी ७१० डॉलर, कागदी अर्जाची ७६०. उत्पन्न कमी असेल तर सवलत मिळते. पुढे बोटांचे ठसे, मग मुलाखत. अधिकारी तुमचाच अर्ज घेऊन प्रश्न विचारतो, एखादं इंग्रजी वाक्य वाचायला लावतो, एक सांगतो ते लिहायचं. मग नागरिकशास्त्र. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आधी १०० पैकी १० विचारत आणि ६ पुरत. जमलं नाही तर ६० ते ९० दिवसांत आणखी एक संधी मिळते.

घरातल्या ज्येष्ठांनी घाबरून जाऊ नये. वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं असतील तर इंग्रजीची अट नाही, नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्या घेऊन मराठीत देता येते. वय ६५ किंवा जास्त आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं असतील तर अभ्यासाला फक्त २० प्रश्न. आजीला रोज रात्री दोन विचारले तर दहा दिवसांत होतात.

शपथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नसता. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचं आणि प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग जागेवरच तपासायचं. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार तिथलं नागरिकत्व संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर पुढे प्रवास करू नका. तो रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला) घ्या, मग ओसीआयचा, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचा, अर्ज करा. तुमच्याजवळ आणि तुमच्या ताब्यात राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांना वेगळा एन-४०० लागत नाही. आई किंवा वडील नागरिक झाले की तीही आपोआप होतात, त्यांचा थेट पासपोर्टच काढा.