वर्ज्य आहार (अल्पकालीन)

एखादा पदार्थ किंवा पदार्थांचा अख्खा गट ठरावीक दिवस बंद ठेवायचा, मग एकेक करून परत ताटात घ्यायचा आणि अंगाला काय सोसत नाही, कशाची नुसती सवय लागलीय ते बघायचं, या पद्धतीला वर्ज्य आहार म्हणतात. बोलताना सगळे एलिमिनेशन डाएटच म्हणतात, नाहीतर नुसतं ‘साखर बंद केलीय’, ‘गहू बंद केलाय’. मुदत साधारण २ ते ६ आठवडे.

उगमाबद्दल एकमत नाही. आधुनिक वैद्यकात श्रेय बहुतेक वेळा अल्बर्ट रो या अमेरिकन ॲलर्जीतज्ज्ञाला देतात, त्याने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे आहार मांडायला सुरुवात केली, पण त्याचा हेतू ॲलर्जी शोधायचा होता, सवय मोडायचा नाही. आयुर्वेदाचे काही अभ्यासक याचं मूळ थेट पथ्यापथ्य विचारात बघतात. तसं म्हणणं जरा ताणल्यासारखं वाटतं, कारण अपथ्य काय ते वैद्य आधीच सांगतो आणि इथे तेच तर शोधून काढायचं असतं. मात्र सोडायचं कसं याबद्दल जुन्या ग्रंथांत जे आलंय ते खरंच बारकाईचं आहे. चरकसंहितेत (हिचा काळ इ.स.पू. २ रं ते इ.स. २ रं शतक असा वेगवेगळा सांगतात, शिवाय दृढबल नावाच्या वैद्याने नंतर भर घातलीय) सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात म्हटलंय की सवयीचं झालेलं अहितकर अन्न क्रमाने सोडावं आणि हितकर क्रमाने घ्यावं, आणि हा क्रम ‘पादांशिक’ म्हणजे चौथाईचा. वाग्भट (बहुधा ६ वं-७ वं शतक) अष्टांगहृदयात दोन पर्याय देतो, पादाने किंवा पादपादाने, म्हणजे चौथा हिस्सा किंवा चौथ्याचाही चौथा, सोळावा. मधे एक, दोन, तीन दिवसांचं अंतर ठेवायचं, ते नेमकं कसं मोजायचं याचा हिशेब टीकाकारांनी वेगवेगळा लावलाय. सोळाव्या हिस्स्याचा पर्याय जुन्या, मुरलेल्या सवयीसाठी असावा असं मानणं जास्त पटतं. सवयीचं अपथ्यसुद्धा एकदम तोडलं तर त्रास होतो असं वाग्भट लगेच पुढे सांगतो. चहा अचानक बंद करणाऱ्याला हे लगेच कळतं, कॅफीन तुटल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि हे २ ते ९ दिवस चालू शकतं, त्याला ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ म्हणणं चूक आहे.

दुसरा धागा व्रतांचा. चातुर्मासात म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशी कांदा, लसूण, वांगं सोडायचं, त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, आणि वांगं काही घरांत थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच परत खायचं. कराड तालुक्यात पालला खंडोबाचं मोठं ठाणं असल्यामुळे सातारा भागात ही रीत ओळखीची आहे. व्रतात पोटाकडे कोणी लक्ष ठेवत नाही, हेतू पुण्याचा. तरी सोडायचा दिवस ठरलेला, परत खायचा दिवसही ठरलेला आणि अख्खं घर एकत्र सोडणार, म्हणजे एकासाठी वेगळी भाजी टाकायची वेळच येत नाही, आणि आजच्या डाएटमधे नेमकं हे एकत्र सोडणंच नसतं.

आजचे ठळक प्रकार दोन. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात २००५ च्या सुमारास पुढे आलेला लो फॉडमॅप आहार (फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणारी काही कर्बोदकं, ती यात कमी करतात) चिडक्या आतड्यांच्या म्हणजे आयबीएसच्या रुग्णांसाठी, तर अमेरिकेत २००९ ला सुरू झालेला होल थर्टी सवयींसाठी, त्यात ३० दिवस साखर, धान्यं, कडधान्यं, दूध, दारू सगळंच बंद.

सातारा-सांगलीकडे गहू सोडणं तसं अवघड नाही, शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी घरात असतेच आणि दोन्हीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाही. अडतं ते चटणीपाशी. इकडे चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी, ती आमटीत, रश्श्यात, भाजीत सगळीकडे पडते, त्यामुळे ‘मी कांदा खात नाही’ म्हणणाऱ्याच्या पोटात रोज कांदा जात असतो आणि सगळा प्रयोगच फसतो. कांदा-लसणातलं फ्रुक्टॅन (फॉडमॅपपैकीच एक) पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून आमटीत शिजलेला लसूण काढून टाकून उपयोग नाही, पण तेलात लसूण परतून काढून घेतला आणि त्या तेलाची फोडणी दिली तर चालते. त्या दिवसांसाठी नुसत्या मिरचीचं तिखट वेगळं ठेवावं लागतं. हिंग वापरताना डबा वाचावा, बांधानी हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. दुधाचं म्हणाल तर तुपात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळपास नसतंच, पण कंदी पेढा खव्याचा, म्हणजे दूध आणि साखर दोन्ही याद्यांत तो येतो.

सवय बदलते का, यावर २१ दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो. तो मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आला असं मानतात आणि त्यालाही तो ‘कमीत कमी’ म्हणूनच अभिप्रेत होता. लंडनमधे फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२००९) नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणून ३० दिवस कडक पाळून ३१ व्या दिवशी सगळं एकदम सुरू केलं की हातात काहीच राहत नाही. परत आणताना एका वेळी एकच पदार्थ, ३ दिवस थोडा थोडा वाढवत, त्रास झाला तर थांबून पोट शांत होऊ द्यायचं आणि मगच पुढचा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, तरी खरी माहिती इथेच मिळते.

इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, वजन कमी असणारे आणि जेवणाचीच धास्ती बसलेले, यांनी डॉक्टरांशिवाय हे करू नये. ज्या पदार्थाने आधी श्वास अडकला किंवा तोंड-घसा सुजला तो घरी परत खाऊन बघायचाच नाही. आणि गव्हाने त्रास होतोय अशी शंका असेल तर सीलिॲकची (ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी, आधी सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो.