पाळी गेली की हिशेबातून बाद

उतारवयातल्या कामजीवनावर आपण अजूनही बोलत नाही. लैंगिक आरोग्यावर मुंबईत उघड बोलणं सुरू झालं तेच मूल नको असलेल्यांसाठी. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये इथे संततिनियमन केंद्र काढलं आणि याच कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गमावली. १९२७ मध्ये सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांचं, तरी २०० रुपये दंड झालाच. कामसुखाचा विचार प्रजोत्पादनापासून वेगळा करा, हे कर्व्यांचं म्हणणं. पुढच्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: मुलं कमी.

मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, ‘हम दो, हमारे दो’ आलं. पाळी गेलेली बाई या हिशेबातून आपोआप बाद, तिच्या मागोमाग नवराही. आकडेवारीचं तेच. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बायकांना १५ ते ४९ या वयातच विचारते, पुरुषांना फार तर ५४ पर्यंत. पंचेचाळिशीपुढच्यांची देशभर स्वतंत्र पाहणी व्हायला २०१७ उजाडलं.

उरलंसुरलं जागेने संपवलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. मुलाचं लग्न ठरलं की आजोबांची वळकटी गॅलरीत, आजी नातवंडांना घेऊन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. ‘आता देवाधर्माचं बघा’ असं कुणी म्हणायचीही गरज नसे.

१९९८ मध्ये अमेरिकेत व्हायाग्रा आली, पाठोपाठ इथल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या. पुरुषाला निदान औषध मिळालं, पण सोबत धोकाही: हृदयविकारासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ही घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. बाईच्या वाट्याला तेवढंही येत नाही, उपाय असूनही. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीला कोरडेपणा येतो, संबंध दुखतात. जेलीने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या क्रीमने बरंच भागतं. ती मात्र ‘आता नको वाटतं’ एवढंच म्हणते, आणि घरातले वय झालं म्हणून सोडून देतात.

२००५ मध्ये डॉ. महिंदर वत्स मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देऊ लागले, तेव्हा ते स्वतः ऐंशी ओलांडलेले होते. दवाखान्यात मात्र अजूनही साठीच्या माणसाची साखर, रक्तदाब, झोप विचारतात. कामजीवनाबद्दल सहसा विचारत नाहीत. वास्तविक ताठरता कमी होणं ही कित्येकदा हृदयविकाराची आधीच मिळालेली सूचना असते.