पोर्टेबल शेल स्क्रिप्ट

शेल म्हणजे टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञांची फाइल. एकदा लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स, बीएसडी, मॅकओएस, सोलारिस अशा निरनिराळ्या युनिक्स प्रणालींवर फेरफार न करता चालावी, अशा बेताने ती लिहिण्याची पद्धत. आधार पॉझिक्स या मानकाचा; युनिक्स प्रणालींमध्ये समानता राहावी म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ते ठरवले. त्याचा शेल व साधनांविषयीचा भाग १९९२ चा आहे. हे मानक स्टीफन बॉर्न यांच्या शेलवर (युनिक्सची सातवी आवृत्ती, १९७९) आणि बऱ्याच अंशी डेव्हिड कॉर्न यांच्या नंतरच्या शेलवर बेतलेले आहे. ब्रायन फॉक्स यांच्या बॅशने (१९८९) त्यात स्वतःची बरीच भर घातली. स्क्रिप्ट अडते ती बहुधा या भरीपाशी.

स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीतील #! या खुणेचा उगम सातव्या आवृत्तीनंतरचा. डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० च्या सुमारास ही सोय केली आणि ती लवकरच बर्कलीच्या युनिक्समध्ये (बीएसडी) आली. या दोन चिन्हांनंतर जागा सोडावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत. ४.२ बीएसडीपासून निघालेल्या काही प्रणाली जागा व तिरकी रेघ धरून चार बाइटांची खूण तपासत, म्हणून जागा सोडणे आवश्यक, असे ऑटोकॉन्फ या स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाच्या माहितीपुस्तकामुळे रूढ झाले. मात्र बर्कलीच्या उपलब्ध मूळ संहितेत दोनच चिन्हे तपासलेली दिसतात, त्यामुळे चार बाइटांची गोष्ट ऐकीव असावी हे मत अधिक ग्राह्य वाटते. जागा सोडल्याने बिघडत काहीच नाही. विशेष म्हणजे पॉझिक्सने या ओळीचे वर्तन अनिश्चित ठेवले आहे. म्हणजे सर्वांत रूढ ओळच मानकाच्या बाहेर आहे.

एसएच (sh, प्रणालीच्या मूळ शेलचे नाव) म्हणजे बॅश, हा समज सर्वत्र आढळतो. उबुंटूने २००६ मध्ये आणि डेबियनने २०११ च्या आवृत्तीत एसएच या नावामागे डॅश हा लहान, वेगवान शेल ठेवला. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. नांदेड, लातूर वा छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत टर्मिनलवर बॅश वापरून शिकलेला विद्यार्थी तीच फाइल एसएचला देतो, तेव्हा तुलनेतील == पाशी ‘अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर’ असा संदेश येतो. तिथे एकच = लिहावे. दुहेरी चौकटी कंस [[ ]] आणि अ‍ॅरे टाळावेत. मजकूर छापणारी एको ही आज्ञा उलट्या तिरक्या रेघेचा (\) अर्थ शेलगणिक वेगळा लावते, म्हणून प्रिंटएफ वापरावे.

शेल सांभाळला तरी स्क्रिप्टमधून बोलावली जाणारी साधने उरतात. मजकुरात बदल करणाऱ्या सेडचा जागच्या जागी फाइल बदलणारा पर्याय जीएनयू (लिनक्सवरील नेहमीची साधने) व बीएसडीत वेगळा आहे. नव्या फाइलीत लिहून नाव बदलणे निर्धोक.

मराठी मजकुराशी काम असेल तर खरी कसोटी अंकांची. समजा, लातूरच्या बाजारभावाच्या यादीत सोयाबीनचा दर ४२५० असा देवनागरीत टंकलेला आहे. ओळींतील रकाने वाचून हिशेब करणारे ऑक हे साधन त्याला संख्या मानत नाही. बेरीज मुकाट शून्य येते, चूक झाल्याचा संदेशही नाही. अंक बदलायला टीआर हे एका अक्षराजागी दुसरे घालणारे साधन घ्यावे, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा, आणि जीएनयूचे टीआर बराच काळ एकेका बाइटाकडेच पाहत आले आहे. दहा देवनागरी अंकांसमोर दहा इंग्रजी अंक दिले, तर चार अंकी दराचे बारा अंक होऊन बसतात. मॅकवर तीच आज्ञा बरोबर चालते, म्हणून मॅकवर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. सेडचे एकेका अंकासाठी एक, असे दहा साधे बदल मात्र दोन्हीकडे बरोबर चालतात, कारण तिथे तीन बाइटांची माळ अख्खी जुळवली जाते. दहा ओळी लांबलचक दिसल्या तरी त्याच लिहाव्यात.

तारखेचेही तसेच. प्रणालीची भाषा मराठी ठेवली की डेट ही तारखेची आज्ञा महिन्याचे नाव मराठीत छापते आणि इंग्रजी नाव शोधणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परतते. महिना अंकांत मागावा. क्रमवारी लावताना भाषा-प्रदेशाचे नियम ठरवणाऱ्या एलसी_ऑल या चलाची किंमत सी (C) ठेवावी, म्हणजे क्रम यंत्रागणिक बदलत नाही.

पडताळणीसाठी स्क्रिप्ट डॅश आणि बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाच्या शेलवर चालवून पाहतात. शेलचेक हे साधन बॅशपुरत्या रचना आधीच दाखवते. मॅकवरील बॅश परवान्याच्या कारणाने ३.२ वरच थांबलेला आहे, हे बॅशसाठीच लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे लागते.