टॅलीचा मेनू बदलला, ‘लेजर’ मात्र तसंच राहिलं

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, नोव्हेंबर २०२० मध्ये आली. नवख्यालाही जमेल असं टॅली, हा त्यामागचा उघड हेतू. अनेक ऑफिसांत मात्र जुने हात अजून अडखळतात आणि नवे हातही वेगळ्याच ठिकाणी अडतात.

विंडोजच्या आधीचा, डॉसचा काळ एका वाक्यात उरकतो. १९८६ साली बंगळुरूत सुरू झालेल्या कंपनीने खात्यांना कोड नंबर देण्याची भानगडच काढून टाकली आणि खातं नावाने शोधता येऊ लागलं. माझ्या मते खरी सोय तेव्हाच झाली.

१ एप्रिल २००५ला राज्यात व्हॅट हा विक्रीवरचा कर लागू झाला, ऑपरेटरची मागणी वाढली आणि एमएस-सीआयटीच्या पाटीखाली ‘टॅली’ची पाटी लागली. सॉफ्टवेअर शिकवण्याचं काम सॉफ्टवेअरने नाही, या क्लासेसनी केलं. तेही एज्युकेशनल मोडवर, म्हणजे लायसन्सशिवाय शिकण्यापुरत्या चालणाऱ्या टॅलीवर. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच एंट्री पडते. त्यामुळे क्लासमधून आलेल्या मुलाच्या डोक्यात सगळा व्यापार या तीनच तारखांना चालतो.

२००९च्या टॅली ईआरपी ९मध्ये खातं उघडायला अकाउंट्स इन्फो, मग लेजर्स, मग क्रिएट, अशी उतरंड होती. कळफलकावर ए-एल-सी. वर्षभरात बोटं हे आपोआप करायची. प्राइमने ही उतरंड मोडली. ‘क्रिएट’ थेट गेटवेवर, म्हणजे पहिल्याच पडद्यावर आणलं आणि ऑल्ट-जी दाबून कुठल्याही स्क्रीनवरून कुठेही जाता येईल असं ‘गो टू’ दिलं. ‘गो टू’ उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कंट्रोल-एफ८ची क्रेडिट नोट ऑल्ट-एफ६वर आणि कंट्रोल-एफ९ची डेबिट नोट ऑल्ट-एफ५वर गेली. शिकाऊला दोन्ही सारखंच. त्रास झाला तो पंधरा वर्षं मान वर न करता एंट्री मारणाऱ्याला.

एवढं करून ‘लेजर’ या शब्दाला मात्र कोणी हात लावला नाही.

बी.कॉम.च्या पुस्तकात लेजर म्हणजे खातेवही, सगळी खाती असलेली एक वही. टॅलीत लेजर म्हणजे त्यातलं एक खातं. आणि सेठ म्हणतात, ‘‘कुलकर्णींचं लेजर पाठव,’’ तेव्हा त्यांना हवा असतो खात्याचा उतारा, शक्यतो पीडीएफमध्ये. पहिल्याच दिवशी ‘‘नवीन लेजर उघड’’ ऐकून एखादी मुलगी टॅलीत नवी ‘कंपनी’च, म्हणजे नव्या धंद्याची वेगळी फाइलच, तयार करून बसली, तर दोष तिचा नाही. पुस्तकात नवी वही म्हणजे नवं वर्ष, नवा धंदा. ‘काँट्रा’चंही, म्हणजे रोख आणि बँक यांच्यातल्या आपापसातल्या नोंदीचंही, तेच. कागदी कॅशबुकात तो ‘सी’ हे एक अक्षर होता, फोलिओच्या रकान्यात. इथे तो एफ४वरचा अख्खा व्हाउचर प्रकार, म्हणजे एंट्रीचा वेगळा प्रकार आहे.

शब्द कळला तरी पुढे ‘अंडर’चा, म्हणजे खातं कोणत्या ग्रुपखाली टाकायचं याचा रकाना येतोच. टॅलीत आधीपासून २८ ग्रुप असतात, १५ मुख्य आणि १३ उपग्रुप. लाईट बिल कुठे टाकायचं? कारखान्याच्या मीटरचं असेल तर डायरेक्ट एक्स्पेन्सेस, ऑफिसचं असेल तर इनडायरेक्ट. चुकीचा ग्रुप निवडला तर टॅली हूं की चूं करत नाही. घोळ दिसतो तो मार्चनंतर, ग्रॉस प्रॉफिट विचित्र आल्यावर. प्राइममध्येही ग्रुप तेच आणि रकानाही तोच. एफ११ आणि एफ१२च्या सेटिंगच्या पडद्यांवरचे पर्याय तेवढे ‘शो मोअर’च्या मागे गेले, म्हणजे पसारा कपाटात कोंबला. ईआरपी ९च्या आधीच्या टॅली ९पासून मराठी निवडायची सोय होती, पण जिथे सीएंना फाइल पाठवायची तिथे सगळे इंग्रजीवरच थांबले.

१ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. टॅलीत त्याला ‘एडिट लॉग’ म्हणतात. पूर्वी नवा पोरगा चार वेळा चुकायचा, ऑल्ट-डी मारून एंट्री उडवायचा आणि संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नसायचा. आता कंपनीच्या डेटावर ती चारही वेळांची नोंद, तारीख-वेळ आणि युजरच्या नावासकट, ऑडिटरसमोर उघडते. एकट्या मालकीच्या दुकानात ही सक्ती नाही. त्यामुळे नव्या मुलांना आधी अशाच एखाद्या दुकानाच्या फाइलवर बसवतात.