ट्रकचा फॅन बॅटरीवर का नाही फिरवत?

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला गेला की हैदराबाद रोडच्या गॅरेजांत एकच रड, गाडी तापतेय. परवा तिथं चहा पिताना भाचा म्हणाला, मामा, आपल्या कारचा रेडिएटर गार करणारा फॅन बॅटरीवर फिरतोय, मग ट्रकला इंजिनवरून कशाला, तो पण इलेक्ट्रिक केला तर डिझेल वाचंल की.

प्रश्न चुकीचा नाही ओ, पण हिशोब लावून बघा. भरलेला ट्रक तुळजापूरचा घाट चढताना मोठा फॅन सहज २० हॉर्सपॉवर खातो, म्हणजे १५ किलोवॅट, आणि ट्रकची लाईन २४ व्होल्टची, मग करंट झाला सव्वासहाशे अँपिअर! शेजारचा वेल्डिंगवाला २०० अँपिअरवर चॅनेल जोडतो आणि ट्रकचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा, देतो शंभरेक. कारचं काय, तिला काहीशे वॅटची मोटर पुरते, शिवाय बहुतेक कारचं इंजिन आडवं बसवलेलं, बेल्टवरून पंखा रेडिएटरसमोर आणणारच कसा.

म्हणून ट्रकचा पंखा इंजिनवरच, आणि गरज असेल तेव्हाच त्याला जोर द्यायला मधे असतो व्हिस्कस फॅन क्लच. पंख्याच्या मधोमध डबा दिसतो ना, त्यात सिलिकॉन तेल असतं. डब्याच्या तोंडाला दोन धातूंची पट्टी, रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वाकते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, तेल खाचांत शिरतं आणि त्या तेलाच्या ओढीनंच पंखा जोर धरतो, हवा गार झाली की तेल परत मागं. सकाळी स्टार्टर मारल्यावर ट्रक थोडा वेळ घोंघावतो तो यामुळंच, रात्रभरात तेल खाचांत उतरलेलं असतं. नव्या बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उघडतो.

आता आपला जुगाड. क्लच गेला की बोल्ट मारून फॅन 'डायरेक्ट'. गाडी तापत नाही हे खरं, पण पंख्याचा वेग दुप्पट झाला की लागणारी ताकद होते आठपट, आणि हायवेला समोरची हवा फुकट मिळत असताना हा बाबा फुल स्पीडनं फिरत डिझेल पितोय. मला तरी हे पटत नाही.

क्लच तपासायला मशीन लागत नाही. इंजिन बंद आणि गार असताना पंख्याला हातानं झटका द्या, जड लागून लगेच थांबला तर ठीक, गरगर फिरत राहिला तर तेल गेलं. (कारच्या फॅनला मात्र हात लावू नका, तो बंद गाडीत पण अचानक सुरू होतो.) भाच्यानं तिथल्याच एका ट्रकचा फिरवून बघितला, चार-पाच वेढे आरामात फिरला आणि डब्यावरच्या तेलकट धुळीनं पोराची बोटं काळी.