खाऱ्या पाण्यावरून जाणाऱ्या लहरी

दर्यात बरंच आत गेलेल्या होडीवर रत्नागिरी आकाशवाणी खणखणीत लागायची आणि तेवढ्याच अंतरावर घाटाच्या पायथ्याशी नुसती खरखर, हे तांडेलांना पूर्वीपासून ठाऊक. ती ज्या मध्यमलहरींवर (मीडियम वेव्ह) लागायची, त्या जमिनीच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागाला धरून जातात. पृष्ठभाग विजेचा जितका चांगला वाहक, तितकी लहर कमी क्षीण होते. समुद्राचं पाणी कोरड्या कातळाच्या हजारो पट चांगलं वाहक आहे. आपल्या सड्यावरचा जांभा या कामी अगदीच कुचकामी.

प्रसारण अभियंत्याची नोकरी म्हणजे एसी स्टुडिओत बसून बटणं दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखादा मनोरा बघून यावा. रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २६२ मीटर, तिचा चतुर्थांश, म्हणजे मनोऱ्याची नेहमीची उंची, ६५ मीटर. मध्यमलहरींचा मनोरा स्वतःच अँटेना असतो, म्हणून तो चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा करतात. अँटेनाचा उरलेला अर्धा भाग जमिनीत! मनोऱ्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारख्या १२० तांब्याच्या तारा पुरायची जुनी पद्धत आहे. प्रत्येकी ६५ मीटर धरली तरी आठेक किलोमीटर तांबं झालं. वर खारा वारा. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, मृगाची पहिली झड आली की तो ओलावतो आणि ठिणग्या उडू लागतात. म्हणून पावसाआधी इन्सुलेटर धुऊन काढायचे. पदवी कुठलीही असो, हे काम चुकत नाही.

टीव्हीच्या छत्रीचं दुखणं वेगळं. घरची डीटीएच केयू बँड या उपग्रह-लहरींच्या पट्ट्यावर चालते, तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. पावसाचे टपोरे थेंब ती सहज शोषतात, विखुरतात. सी बँड या दुसऱ्या पट्ट्याची लहर साडेसात सेंटीमीटरची, ती मुसळधारेतही बऱ्यापैकी तग धरते.

उन्हाळ्यात मात्र अरबी समुद्रच मदतीला येतो. पाण्यालगतच्या दमट हवेवर कोरडी, उष्ण हवा पसरली की लहरी मधल्या थरात अडकून दूरवर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला हजार-दीड हजार मैलांवरच्या अरबस्तानाचे प्रतिध्वनी मिळत. पावसाळा लागला की हा थर मोडतो.

आता स्टुडिओतल्या जाड केबलींची जागा नेटवर्क घेतंय. एचडी चित्र कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट लागतात, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात. एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेचं २०१७ साली आलेलं २११० हे मानक यासाठीच आहे. फायबर तुटण्यावरही तोड आहे: माहितीचं तेच पॅकेट दोन वाटांनी पाठवायचं, जे पोहोचेल ते घ्यायचं. पण दोन्ही फायबर महामार्गालगतच्या एकाच चरातून नेल्या, तर रुंदीकरणाचा जेसीबी दोन्ही एका फटक्यात उपटतो. इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा डिप्लोमा करणाऱ्या कोकणातल्या पोरांनी नेटवर्किंग शिकावंच, पण फायबर कुठल्या चरातून जाते ते चालत जाऊन बघायची सवयही लावून घ्यावी.