जाहिरातीसाठी मॉडेल नेमणे (गोवा)

वस्तूच्या वा सेवेच्या जाहिरातीत दिसण्यासाठी मोबदला ठरवून व्यक्तीची निवड करणे आणि तिच्याशी करार करणे. या व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टींचे पैसे मोजले जातात: मॉडेलचा दिवस आणि तिच्या चेहऱ्याचा वापर. दिवसाचा भाव शिफ्टवर ठरतो; वापराचा भाव माध्यम, प्रदेश आणि मुदत यांवर. गणेश चवथीच्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात छापायचे छायाचित्र आणि तेच छायाचित्र वर्षभर देशातल्या होर्डिंगांवर, यांचा भाव एक असूच शकत नाही. तरीही ‘एक दिवसाचे काम’ एवढेच तोंडी ठरते आणि पुढचे भांडण तिथेच रुजते.

गोव्यात हे काम दोन वाटांनी चालते. बाहेरची चित्रीकरण युनिटे किनारे, पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीची रंगीत घरे, माडांचे रस्ते यांसाठी येतात. त्यांचे मुख्य मॉडेल बहुधा मुंबईत ऑडिशन घेऊन आधीच ठरलेले असतात आणि स्थानिक को-ऑर्डिनेटरकडून मागची माणसे घेतली जातात. दुसरी वाट घरची: म्हापसा, फोंडा, मडगाव येथील सराफ, कापड दुकानदार, हॉटेले. त्यांना इथला वाटणारा चेहरा हवा असतो. असे चेहरे देवळांच्या उत्सवी नाटकांत आणि तियात्रांत, म्हणजे कोंकणी रंगभूमीवरच्या गाण्यांसहित नाटकांत, भरपूर आहेत, पण तिकडे फारसे कोणी पाहत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय कॅमेऱ्यासमोर आवरावी लागते हे खरे. मात्र ऐनवेळी वाक्य बदलले तर ही माणसे डगमगत नाहीत.

निवडीसाठी समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेली साधी छायाचित्रे, मोबाइलवर केलेली ओळखफीत आणि गरजेनुसार लूक टेस्ट (मेकअप व पोशाखात घेतलेली चाचणी) पुरते. त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात मॉडेलने केली आहे का, हे तारीख पक्की करण्याआधी विचारावे. काम देण्याआधीच ‘नोंदणी’चे पैसे मागणाऱ्यापासून नवख्यांनी दूर राहावे.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे रिलीज, अर्थात चेहरा वापरण्याची लेखी संमती. छायाचित्र कुठे, किती काळ व कशासाठी वापरणार, मुदत वाढवली तर किती द्यायचे, संगणकावर चेहरा बदलून नवी जाहिरात करता येईल का, हे सर्व त्यात हवे. किनाऱ्यावर सहज टिपलेल्या पर्यटकाचा चेहराही संमतीविना जाहिरातीत घालू नये. परदेशी पाहुण्यांना आयत्या वेळी उभे करण्याचा मोह टाळावा; पर्यटक व्हिसावर मोबदल्याचे काम करता येत नाही.

मूल घ्यायचे असेल तर नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. बालकामगार कायद्याच्या 2017 मधील सुधारित नियमांनुसार चित्रीकरण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. याशिवाय गोव्याचा स्वतंत्र बाल कायदा 2003 पासून आहे.

उत्पादनाची शिफारस करणाऱ्यावरही जबाबदारी येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत. म्हणून ‘सात दिवसांत गुण’ असले वाक्य हातात आले, तर त्याचा आधार विचारण्याचा मॉडेलला पूर्ण हक्क आहे.

सार्वजनिक जागी चित्रीकरणाच्या परवान्यांसाठी पणजीतील एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावे लागते. जुने गोव्यातील संरक्षित वास्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि फोंतेन्हासमध्ये दारापुढे मॉडेल उभी करण्याआधी त्या घरच्या माणसांना विचारावे. ती लोकांची राहती घरे आहेत.

जून ते सप्टेंबर पावसाचा भरवसा नसतो. मॉडेल मेकअप करून बसली आणि सरी थांबल्याच नाहीत, तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे, अर्धे की नवी तारीख, हे करारात आधीच लिहावे.